वेगाचा हिशेब : आधी त्याग, मग खर्च

रोजच्या वापरातील मोटार ड्रॅग शर्यतीसाठी सज्ज करताना तरुणांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते आणि टर्बोचार्जरवर मोठी रक्कम खर्च होते. जाणकारांचा हिशेब निराळा आहे. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवर ४५ किलो वजन घटले, की साधारण एक दशांश सेकंद वाचतो, असा त्यांचा ठोकताळा. मागील आसन, स्टेपनी व डिकीतील सामान तेवढ्यापुरते उतरविण्यास खर्च नाही. दुसरा क्रम टायरांचा. चाके जागीच फिरली, तर वाढविलेली शक्ती व्यर्थ जाते. इंजिन त्यानंतर आणि त्यासोबत ब्रेकही.

अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापिली, ती या शर्यती रस्त्यावरून सुरक्षित धावपट्टीवर नेण्यासाठी. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या झाल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील विनापरवाना शर्यत मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार दंडनीय आहे. अपरिग्रहाने वेग वाढतो, हे तरुणांनी जरूर शिकावे; परंतु तो वेग आजमावताना पादचाऱ्याच्या जिवाची जयणा पाळणे, हे पहिले कर्तव्य होय.