संगणक जाळ्याच्या जोडण्यांचे व्यवस्थापन करणारे कमांड लाईन साधन : विकास व तत्त्वे

प्रस्तावना :

संगणक जाळ्यात सहभागी होणाऱ्या प्रत्येक संगणकाला किमान चार गोष्टींची आवश्यकता असते : कार्यरत जोडबिंदू म्हणजेच इंटरफेस, आयपी पत्ता, बाहेर जाण्याचा मार्ग आणि नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारा नेमसर्व्हर. घरगुती संगणकावर हे काम पडद्यावरील चित्रखुणांच्या साहाय्याने होते. सर्व्हरला मात्र अनेकदा पडदाच जोडलेला नसतो. त्याचा व्यवस्थापक दुसऱ्या संगणकावरून, अक्षरी आज्ञांच्या आधारे काम करतो. येथेच या विषयातील मुख्य अडचण निर्माण होते. ज्या जोडणीत बदल करावयाचा, त्याच जोडणीवरून व्यवस्थापक सर्व्हरपर्यंत पोहोचलेला असतो. एक आज्ञा चुकली तर बसलेली फांदी तोडल्यासारखी अवस्था होते आणि चूक दुरुस्त करण्याचा मार्गही त्याच क्षणी बंद होतो. अशा साधनाची रचना कोणत्या तत्त्वांवर व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात लिनक्समधील तीन साधनांच्या आधारे केला आहे.

1. आयएफकॉन्फिग : आरंभीचे साधन

आयएफकॉन्फिग ही आज्ञा 1983 साली बर्कले येथील युनिक्सच्या 4.2 बीएसडी या आवृत्तीत आली. पुढे लिनक्समध्ये नेट-टूल्स या संचातून तिचा प्रसार झाला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, ती आयओसीटीएल या पद्धतीने संवाद साधते. या पद्धतीत ठरावीक आकाराच्या चौकटीत एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे एक उत्तर मिळते. एका इंटरफेसला एक पत्ता असण्याच्या काळात ही चौकट पुरेशी होती.

पुढे एकाच इंटरफेसला अनेक पत्ते देण्याची गरज वाढली, तेव्हा या साधनाची मर्यादा उघड झाली. नव्या पद्धतीने दिलेल्या दुय्यम पत्त्याला स्वतंत्र लेबल नसेल, तर आयएफकॉन्फिग तो पत्ता दाखवीत नाही. पत्ता कार्यरत असतो, त्यावर संदेश येत असतात, पण साधनाच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने असे अपुरे उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच धोकादायक ठरते.

2. आयपी : कर्नलशी नवा संवाद

लिनक्स कर्नलची 2.2 ही आवृत्ती 1999 साली प्रसिद्ध झाली. त्या काळात अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी आयपीराउट2 हा संच विकसित केला. त्यातील मुख्य आज्ञेचे नाव ‘आयपी’ असे आहे. ही आज्ञा नेटलिंक या माध्यमाचा उपयोग करते. नेटलिंकच्या संदेशातील प्रत्येक घटकासोबत त्याचा प्रकार व लांबी नोंदलेली असते. त्यामुळे नवी वैशिष्ट्ये जोडताना जुनी चौकट मोडावी लागत नाही. शिवाय जोडणीत बदल होताच कर्नल स्वतःहून सूचना देऊ शकतो. ‘आयपी मॉनिटर’ ही आज्ञा याच सूचना ऐकते.

आयपी आज्ञेची भाषाही नियमबद्ध आहे. प्रथम वस्तू (लिंक, ॲड्रेस किंवा राउट) आणि नंतर क्रिया (शो, ॲड किंवा डिलीट) असा क्रम असल्याने एक आज्ञा शिकणाऱ्याला दुसरीचा अंदाज बांधता येतो. डेबियन या वितरणाने 2017 मधील नवव्या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत नेट-टूल्स देणे थांबविले, यावरून झालेला बदल लक्षात येतो.

तथापि आयपी आज्ञेने केलेले बदल केवळ चालू कर्नलपुरते असतात. संगणक पुन्हा सुरू केला की ते नाहीसे होतात.

3. एनएमसीएलआय : स्थिती आणि हेतू

ही उणीव नेटवर्कमॅनेजर या सेवेने भरून काढली. तिचा विकास रेड हॅटने 2004 साली सुरू केला. एनएमसीएलआय हे या सेवेचे कमांड लाईन साधन होय. त्यात ‘डिव्हाइस’ आणि ‘कनेक्शन’ अशा दोन स्वतंत्र संकल्पना आहेत. डिव्हाइस म्हणजे प्रत्यक्षात असलेला इंटरफेस, तर कनेक्शन म्हणजे तो कसा चालावा याची जतन केलेली नोंद. पहिली स्थिती आहे, दुसरा हेतू. ‘कनेक्शन मॉडिफाय’ या आज्ञेने नोंद बदलते, परंतु चालू जोडणीवर तिचा परिणाम ती पुन्हा कार्यान्वित केल्यावरच होतो. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा हा भेद न कळल्यामुळे होतो.

4. साधनाच्या रचनेची तत्त्वे

उपरोक्त विवेचनातून चार तत्त्वे हाती येतात.

(अ) पूर्ण व खरी स्थिती : साधनाने कर्नलला विचारून सांगावे, स्वतःच्या जुन्या समजुतीवर विसंबू नये.

(आ) माणूस व यंत्र यांसाठी वेगळी उत्तरे : नेट-टूल्सच्या नव्या आवृत्तीत पत्त्यापूर्वीचा ‘ॲडर’ हा शब्द वगळला गेला. तो शब्द शोधून पत्ता वाचणाऱ्या स्क्रिप्ट त्यामुळे निकामी झाल्या. आयपी आज्ञेतील जेसन स्वरूप आणि एनएमसीएलआयमधील संक्षिप्त स्वरूप यांचे महत्त्व यातून कळते.

(इ) अपयशाचे नेमके कारण : एनएमसीएलआय मुदत संपल्यास 3, जोडणी सुरू न झाल्यास 4 आणि सेवाच बंद असल्यास 8 हा निर्गमन संकेतांक देते. त्यामुळे पुढील पाऊल काय असावे, हे स्क्रिप्टला ठरविता येते.

(ई) चूक परतविण्याची सोय : एनएमसीएलआयमधील ‘डिव्हाइस चेकपॉइंट’ ही आज्ञा बदलापूर्वीची स्थिती जपून ठेवते. बदलानंतर ठरावीक मुदतीत व्यवस्थापकाने संमती दिली नाही, तर पूर्वस्थिती आपोआप परत येते. जोडणी तुटलेला व्यवस्थापक संमती देऊच शकत नाही. म्हणून त्याचे मौन हीच चुकीची खूण मानली जाते.

5. अध्यापनातील उपयोजन

या विषयाचे प्रात्यक्षिक घेताना विद्यार्थ्यांकडून प्रथम केवळ स्थिती वाचणारे छोटे साधन तयार करून घ्यावे. बदल करणारा भाग त्यानंतर जोडावा आणि तत्पूर्वी परतीची सोय अनिवार्य करावी. हे काम आभासी संगणकावर केल्यास प्रयोगशाळेतील चालू जाळ्याला बाधा पोहोचत नाही.

निष्कर्ष :

आयएफकॉन्फिगपासून एनएमसीएलआयपर्यंतचा प्रवास वरवर पाहता आज्ञांच्या नावांचा बदल वाटतो. वस्तुतः साधन काय पाहते, काय लक्षात ठेवते आणि चुकल्यावर काय करते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात टप्प्याटप्प्याने सुधारत गेली आहेत. आज्ञा पाठ करून घेण्याबरोबर हे तीन प्रश्न विचारावयास शिकविले, तर उद्या आज्ञांची नावे पुन्हा बदलली तरी विद्यार्थ्याचे ज्ञान कालबाह्य होणार नाही.