पेशी टेकते ती प्रथिनांवर

हाड किंवा कूर्चा नव्याने वाढवण्यासाठी शरीरात जो सच्छिद्र सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्ड, बसवतात तो कशाचा करावा यावर प्रयोगशाळांत बराच खल होतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन घ्यावे की हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, छिद्रे केवढी ठेवावीत, वगैरे. हे प्रश्न फिजूल नाहीत. पण पेशीची गाठ त्या उघड्या पदार्थाशी सहसा पडतच नाही. रक्ताचा स्पर्श होताच काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा नॅनोमीटरांत मोजावा लागणारा थर बसतो, आणि पेशी येतात त्या नंतर. तेव्हा स्कॅफोल्डची पारख या थरावरून व्हायला हवी.

हा थर रक्तद्रवाची हुबेहूब नक्कल नसतो. रक्तद्रवात मिलिलिटरमागे साधारण 40 मिलिग्रॅम अल्ब्युमिन, 2 ते 4 मिलिग्रॅम फायब्रिनोजेन आणि पेशींना धरून ठेवणारे फायब्रोनेक्टिन जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असते. संख्येने जास्त आणि चणीने लहान असे अल्ब्युमिन आधी पोहोचते. पण एसटीत रुमाल टाकून धरलेली जागा टिकतेच असे नाही. पृष्ठभागाची ओढ अधिक असलेली प्रथिने मागून येऊन त्याला हटवतात. ही अदलाबदल लिओ व्रोमन यांच्या नावाने ओळखली जाते. (नेदरलँड्समध्ये हे रक्तशास्त्रज्ञ कवी म्हणूनच अधिक ठाऊक.) थर किती जाड आहे हे ते परावर्तित प्रकाशातील बदलावरून ताडत आणि मग एखाद्या प्रथिनाचे प्रतिपिंड त्यावर सोडत. थर जाडावला, तर ते प्रथिन तिथे हजर. काचेसारख्या पृष्ठभागावर रक्तद्रव क्षणभर ठेवला की फायब्रिनोजेन सापडे. थोडा अधिक वेळ ठेवला की त्याचा पत्ता नसे.

कोण चिकटले याइतकेच कसे चिकटले हेही महत्त्वाचे. पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिने पसरतात, उलगडतात आणि एरवी आत दडलेले भाग उघडे पडतात. लिपिंग टँग आणि जॉन ईटन यांनी 1993 मध्ये उंदरांत पॉलिएस्टरच्या चकत्या बसवल्या. ज्यांच्या रक्तातून फायब्रिनोजेन काढून टाकले होते त्यांच्यात तीव्र दाह झाला नाही. चकतीवर आधीच फायब्रिनोजेन चढवले, तर मात्र झाला. चकती तीच, फरक फक्त थराचा.

यावर कोणी म्हणेल, काही दिवसांत पेशी स्वतःचेच जाळे विणतात, मग या पहिल्या थराचे एवढे कौतुक कशाला? खरे आहे, पण जाळे विणायला पेशी आधी टिकायला हवी, आणि दाहाची ठिणगी पहिल्या काही तासांतच पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप देऊन प्रथिनांना दारातच अडवावे आणि फायब्रोनेक्टिनमधला पेशी धरणारा तेवढाच तुकडा वर जोडावा. आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिकडीचे महत्त्व 1984 मध्येच कळले होते. पण अख्ख्या फायब्रोनेक्टिनमध्ये या तिकडीच्या शेजारी पकड घट्ट करणारी आणखी एक जागा असते, ती या तुकड्यात येत नाही. लेप उपयोगी आहे. फायब्रोनेक्टिनची पुरती भरपाई तो करत नाही.

खरी अडचण चाचणीची आहे. बशीतल्या पेशींना बहुधा वासराच्या गर्भाचे सीरम देतात, आणि सीरम रक्त गोठल्यावर उरते, म्हणून त्यात फायब्रिनोजेन जवळपास नसतेच. अशा बशीत पास झालेला स्कॅफोल्ड जखमेत वेगळाच थर ओढून घेतो. शल्यविशारद कृत्रिम हाडाचे दाणे अनेकदा रुग्णाच्याच रक्तात कालवून भरतात. तोच पदार्थ प्रयोगशाळेत आधी मानवी रक्तद्रवात बुडवून तपासणे खर्चाचे असले, तरी अवघड नाही.