पेनड्राइव्हवरून उठणारा कॉम्प्युटर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बघायची हौस वाढली आहे. नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात काय, दुरुस्तीवाला एक पेनड्राइव्ह खुपसतो आणि हार्डडिस्क काढून ठेवलेली असतानाही स्क्रीनवर अख्खी सिस्टीम उभी राहते. कशी?

बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटासा प्रोग्राम. विंडोज, लिनक्स यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क चाचपतो: सिस्टीम सुरू करून देणारं काही इथे आहे का? पेनड्राइव्ह क्रमात वर असला की तिथूनच गाडी सुटते. म्हणून उबुंटू किंवा सी-डॅकच्या ‘बॉस’सारख्या लिनक्सची आयएसओ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, सुरुवातीचा भाग जागच्या जागी बसावा म्हणून ती खास प्रोग्रामने लिहावी लागते.

खरी गंमत पुढे आहे. पेनड्राइव्हवरची सिस्टीम फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात, नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा ओढाव्यात तसे. मशीन बंद, की कागद गेला. तेव्हा आवाज, मराठी कीबोर्ड निवांत तपासा. वाय-फाय तर आधी बघा, रुसतं ते बहुधा तेच!

‘इन्स्टॉल’ मात्र थेट डिस्कवर लिहितं. ‘सगळी डिस्क पुसा’ निवडलंत तर लग्नाच्या फोटोंसकट सगळं जातं. मध्येच लाईट गेली तर डिस्कवरची सिस्टीम अर्धवट राहते. पेनड्राइव्ह शाबूत असतो, पहिल्यापासून सुरू करायचं.