पोराला गाडी दिसते, पण गाडीवाल्याला पोर दिसतं का?

कारखान्यांचे गाळप सुरू झाले की आपल्या भागातल्या रस्त्यांचं रूपच बदलतं. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक रात्रंदिवस वाहायला लागतात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. आणि नेमके यातलेच काही महिने दिवस लहान असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला जेमतेम सूर्य वर येतो, संध्याकाळी सहानंतर बघता बघता काळोख पडतो. आपली मुलं त्याच वेळेला रस्त्यावर असतात. कुणाची शनिवारची सकाळची शाळा, कुणाचा क्लास, कुणी एसटीसाठी फाट्यापर्यंत चालत निघालेलं, तर कुणी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला.

आपण मुलांना काय सांगतो? "गाडी आली की बाजूला हो." मूल ऐकतंही. पण त्याच्या मनात एक गैरसमज पक्का असतो, आणि तो मोठ्यांच्याही मनात असतो. समोरून गाडीचे दोन दिवे लांबूनच दिसतात. मला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसलो, असं मूल धरून चालतं. अंधारात हे खरं नसतं. दिवा गाडीला आहे, पोराला नाही.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे येते. चालवणाऱ्याला मूल दिसलं, त्याचा पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, यात कोरड्या चांगल्या रस्त्यावरही ४० मीटरच्या आसपास अंतर जातं. म्हणजे ढोबळमानाने विजेच्या दोन खांबांमधलं अंतर. गाडीचा दिवा खाली केलेला असेल, तर गडद कपड्यातलं मूल २५-३० मीटरवर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. मग ब्रेक मारूनही गाडी वेळेत थांबत नाही. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या उजेडाने चालवणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दोन दिव्यांच्या मधलं मूल पार नाहीसं होतं. आपण मुलांना घेतो ते स्वेटर बघा: निळे, चॉकलेटी, काळे. मळ दिसत नाही म्हणून घेतो. त्यात आपलं चूक नाही, धुणं आपल्यालाच असतं. पण जे मळ लपवतं ते मूलही लपवतं.

पांढरा कपडा गडदपेक्षा बरा, पण फार नाही. खरा फरक पडतो तो चमकणाऱ्या पट्टीने. आपल्याकडे तिला कुणी रिफ्लेक्टर म्हणतं, कुणी रेडियम. रात्री गोठ्यात बॅटरी मारली की म्हशीचे डोळे कसे चमकतात? डोळ्याच्या आत आरशासारखा पडदा असतो, तो उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. या पट्टीतही काचेचे अगदी बारीक मणी किंवा तशीच नक्षी असते आणि ती हेच काम करते. गाडीचा उजेड पट्टीवर पडतो आणि थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे परततो. अशी चांगली पट्टी शंभर मीटरच्या पलीकडूनही दिसते.

गंमत म्हणजे माणसांनी वापरायचा रिफ्लेक्टर मूळचा घोडागाड्यांचा. फिनलंड देशात हिवाळ्यात दिवस फार थोडा वेळ असतो. तिथल्या आर्वी लेहती नावाच्या कारखानदाराने तो आधी घोडागाड्यांसाठी केला आणि १९६० च्या दशकात पायी चालणाऱ्यांसाठी आणला. आपण उसाच्या बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर लावतो, मग पोराला का नको?

पट्टी घेताना मात्र पारखून घ्या. गाडीवर नावं-नंबर चिकटवून देणाऱ्या दुकानातला प्रत्येक रंगीत कागद रात्री चमकतोच असं नाही. डोळ्यात भरणारा पोपटी किंवा केशरी कपडाही दिवसा आणि धुक्यात छान दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग नाही. पारख सोपी आहे. पट्टी अंधाऱ्या खोलीत दहा पावलांवर ठेवा, मोबाइलची बॅटरी आपल्या डोळ्याजवळ, कानशिलाला लावून धरा आणि उजेड पट्टीवर टाका. पट्टी दिव्यासारखी पेटली तर खरी. बॅटरी कमरेजवळ धरलीत तर चांगली पट्टीही फिकी वाटेल, कारण उजेड डोळ्याकडे न येता कमरेकडे परत जातो. गटाच्या बैठकीत हे एकदा करूनच बघा. एका मुलीला गडद स्वेटर घालून आणि दुसरीला पट्टी लावून अंगणाच्या टोकाला उभं करा, पुढचं सांगावं लागणार नाही.

आता पट्टी लावायची कुठे? बहुतेक जणी दप्तराच्या पाठीवर लावतात. ते ठीक आहे, पण पुरेसं नाही. जिथे फुटपाथ नाही तिथे मुलाने रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं असतं, म्हणजे जवळची गाडी पाठीमागून न येता समोरून येते आणि त्याला दिसते. "डावीकडून चाला" हे आपल्या कानांवर बसलेलं आहे, पण ते गाड्यांसाठी. तर मूल उजवीकडून चाललं की समोरच्या गाडीला दप्तराची पाठ दिसणारच नाही. म्हणून दप्तराच्या दोन्ही पट्ट्यांवर छातीपाशी लावा, पाठीवर लावा आणि घोट्याजवळ नक्की लावा. खाली केलेल्या दिव्याचा उजेड जमिनीलगत पडतो, शिवाय चालताना पाय हलतात. हलणारी चमक बघून चालवणाऱ्याला कळतं की हा मैलाचा दगड नव्हे, माणूस आहे. एका मुलाला साधारण मीटरभर पट्टी पुरते. ज्या गटाकडे शिलाई मशीन आहे त्यांनी कापडी पट्टी आणून घोट्याला बांधायचे पट्टे शिवावेत. चप्पल बदलली, कपडे बदलले तरी पट्टा तोच चालतो. दुधाच्या किटलीला आणि पावसाळ्यात काळ्या छत्रीला चिकटपट्टी विसरू नका.

पट्टी म्हणजे कवच नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. दारू पिऊन चालवणाऱ्यापुढे तिचा इलाज नाही. ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत उभा असेल आणि वळण उजवीकडे असेल, तर पलीकडचं काही दिसत नाही. तिथे वळणाच्या आधीच नीट बघून बाहेरच्या कडेला जायचं. ट्रॉली आली की रस्ता सोडून मातीत उभं राहायचं, कारण ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. एक ट्रॉली गेली म्हणून लगेच पुढे पाऊल टाकायचं नाही. तिला दुसरी जोडलेली असते आणि मागून एखादा मोटारसायकलवाला घुसत असतो. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांच्या आवाजात चालकाला पोराची हाक ऐकू जात नाही. आणि ट्रॉलीमागे पळत ऊस उपसणं, हे कौतुकाने हसण्यासारखं नाही. तिथे मात्र कडक व्हा. ऊस हवा तर आपल्या शेतातला द्या, शेजारणीकडून मागून द्या.

आपल्या मुलांचं झालं की फडाकडे बघा. ऊसतोडीला आलेल्या मजुरांची मुलं पहाटे आईबापांबरोबर गाडीमागून चालत निघतात, त्यांच्या कोप्या बऱ्याचदा रस्त्याला लागूनच असतात. हंगाम संपेपर्यंत ती मुलं आपल्याच गावची आहेत. गटाने पट्टीचा रोल आणला असेल तर त्यातले दहा-वीस पट्टे त्यांच्यासाठी शिवून द्या, आणि बांधायचे कसे ते आईलाच दाखवा. ती पहाटे तीनला उठणारी बाई आहे, तिला वेळ संध्याकाळीच मिळेल.

धुण्याचं एक राहिलं. चिखलाने झाकलेली पट्टी चमकत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसत जा. ब्रशने घासू नका, वर इस्त्री फिरवू नका, मणी निघून जातात. दर दिवाळीच्या सुट्टीत बॅटरी कानशिलाला लावून पुन्हा एकदा पारखा. फिकी पडली असेल तर शाळा सुरू व्हायच्या आत बदला.