माकडताप: उतरलेला ताप परत येऊ शकतो

मैत्रिणींनो, काजूच्या हंगामातच माकडतापाचे दिवस असतात. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१६ पासून सिंधुदुर्गातही आढळतो. तो गोचीड चावल्याने होतो. माणसाकडून माणसाला होत नाही.

चावल्यावर ३ ते ८ दिवसांत अचानक थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येतो; तेव्हा मान आखडते, हात थरथरतात. म्हणून बरं वाटलं तरी दुखणं अंगावर काढू नका.

बागेत जाताना, पातेरा गोळा करताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातलं गोचिडीसाठीचं तेल लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आशाताईंना कळवा. ताप आलाच तर “मी बागेत जाते” हे डॉक्टरांना आधी सांगा.