डब्यात पैसे कमी का येतात?

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की खाडी ओलांडण्यापूर्वी बाळकुम नाका लागतो. पुढे कशेळीचा पूल आणि पुलापलीकडे काल्हेरची गोदामे. या पट्ट्यात दहा-वीस माणसे काम करतात अशी लहान कार्यालये, कारखान्यांचे गाळे आणि गोदामे पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी कँटीन परवडत नाही. दुपारी चारला भूक लागली, तर उन्हातून वडापावच्या गाडीपर्यंत चालत जायचे, नाहीतर पाणी पिऊन काम पुढे रेटायचे.

समजा, बाळकुममधल्या एका गृहिणीने यातून एक लहानसा व्यवसाय उभा केला. चकली, चिवडा, शंकरपाळे, चिक्की यांची चाळीस पाकिटे एका खोक्यात भरायची आणि सोमवारी सकाळी ते खोके एखाद्या कार्यालयात ठेवून यायचे. प्रत्येक पाकीट दहा रुपयांचे. शेजारी फट पाडलेला एक डबा. ज्याला हवे त्याने पाकीट घ्यावे आणि डब्यात दहा रुपये टाकावेत. विक्रेता नाही, पावती नाही, पहारा नाही. शनिवारी येऊन पैसे मोजायचे आणि खोके पुन्हा भरायचे.

हा व्यवसाय चालेल का? बहुतेक जण यावर माणसांच्या स्वभावाबद्दल बोलू लागतात. ‘लोक फसवतातच’ असे एक म्हणतो, ‘विश्वास टाकला की माणूस विश्वासाला जागतो’ असे दुसरा म्हणतो. आपण जरा वेगळ्या वाटेने जाऊ. आधी हिशेब करू.

एका पाकिटाला जिन्नस, पिशवी, गॅस आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून सात रुपये लागतात असे धरू. चाळीस पाकिटांचा खर्च २८० रुपये. सर्वांनी पैसे दिले तर ४०० रुपये येतील आणि १२० रुपये उरतील. आता शंभरातल्या ८७ पाकिटांचेच पैसे येतात असे माना. मग डब्यात सरासरी ३४८ रुपये येतील आणि उरतील ६८. म्हणजे विक्रीत तूट आली १३ टक्क्यांची, पण नफा घटला ४३ टक्क्यांनी! वसुली ७० टक्क्यांवर आली, की नफा शून्य. त्याखाली ती बाई पदरचे पैसे घालून लोकांना खाऊ घालत असेल.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा व्यवसाय चालण्यासाठी सगळी माणसे शंभर टक्के प्रामाणिक असण्याची गरज नाही; तूट नफ्याच्या मर्यादेत राहिली म्हणजे पुरे. दुसरी, तूट थोडी वाटली तरी तिचा भार मोठा असतो. त्यामुळे ती का येते हे समजून घेणे भाग पडते. इथेच एक धोका आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या प्रयोगशाळेत होतो, तिथे चहाच्या टेबलावर असाच एक बिस्किटांचा डबा होता. एका महिन्यात पैसे बरेच कमी भरले. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणाले, ‘संध्याकाळी साफसफाईला मावशी एकट्याच असतात.’ पुरावा काहीही नव्हता. तरीही ते वाक्य कुणी खोडून काढले नाही, आम्हीही नाही. पुढे एका सहकाऱ्याने सुचवले, की प्रत्येकाने आपल्याकडून किती येणे आहे ते निनावी चिठ्ठीवर लिहावे. ‘सुटे नव्हते, उद्या टाकू’ असे म्हणून विसरलेले पैसे, पाहुण्यांना दिलेली बिस्किटे, घाईत नेलेला पुडा! चिठ्ठ्यांची बेरीज केली, तर तूट जवळजवळ भरून निघाली. मावशींच्या कानावर ते बोलणे तोवर गेले होते. त्यानंतर त्या इतर सर्व टेबले पुसत, पण त्या डब्याला हात लावत नसत. रोज मोजमाप करणाऱ्या आम्हा मंडळींनी मोजण्याआधीच निष्कर्ष काढला होता.

अशा डब्यांचे वर्षानुवर्षे मोजमाप केलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. पॉल फेल्डमन हे वॉशिंग्टनमधल्या एका संशोधन संस्थेत अर्थशास्त्रज्ञ होते. आपल्या कार्यालयात ते दर शुक्रवारी बेगल आणत. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला, पावाच्या जातीचा पण चिवट पदार्थ. इतर विभागांतले लोकही येऊन खाऊ लागले, तेव्हा त्यांनी शेजारी टोपली ठेवून किंमत लिहिली. सुमारे ९५ टक्के पैसे वसूल होत. १९८४ साली त्यांनी नोकरी सोडली आणि हाच धंदा सुरू केला. सकाळी कार्यालयांत बेगल ठेवायचे आणि दुपारच्या जेवणापूर्वी पैसे व उरलेला माल गोळा करायचा. पुढे ते सुमारे १४० कंपन्यांना माल पुरवू लागले. मुख्य म्हणजे त्यांनी प्रत्येक फेरीची नोंद ठेवली. या नोंदी पुढे स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यासल्या आणि २००५ साली ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकातून त्या सर्वांना माहीत झाल्या.

या नोंदी काय सांगतात? अनोळखी कार्यालयांत वसुली ९५ टक्के राहिली नाही. १९९२ नंतर ती हळूहळू उतरत गेली आणि २००१ च्या उन्हाळ्यात सुमारे ८७ टक्क्यांवर आली. वरच्या हिशेबात आपण हाच आकडा घेतला होता. काही डझन माणसांच्या कार्यालयातली वसुली काहीशे माणसांच्या कार्यालयापेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी जास्त असे. लहान ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात, हे त्याचे एक कारण असावे. हवा खराब असली की वसुली घटे. नाताळच्या आठवड्यातही ती घटे. माणसे तीच, पदार्थ तोच, किंमत तीच. पण परिस्थिती बदलली की आकडा हलतो.

उघडी टोपली ठेवली, तर तिच्यातले पैसे नाहीसे होत. म्हणून फेल्डमन यांनी पुढे फट असलेली लाकडी पेटी वापरायला सुरुवात केली. वर्षाला अशा सुमारे सात हजार पेट्या ते ठेवत आणि त्यांतली सरासरी एकच चोरीला जाई. जे लोक बेगलचे पैसे द्यायचे टाळतात, तेच लोक पैशांची पेटी मात्र उचलत नाहीत! म्हणजे डब्यातली तूट आणि चोरी या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत.

एका कंपनीत ते तीन मजल्यांवर माल ठेवत. सर्वांत वर वरिष्ठ अधिकारी आणि खालच्या दोन मजल्यांवर विक्री, सेवा व कार्यालयीन कर्मचारी. फेल्डमन यांच्या अनुभवानुसार पैसे जास्त बुडत ते अधिकाऱ्यांच्या मजल्यावर. एका कंपनीवरून सर्व अधिकाऱ्यांबद्दल नियम काढणे चूकच ठरेल. पण तूट आली की प्रथम शिपायाकडे किंवा सफाई कामगाराकडे पाहायची आपली जी सवय आहे, तिला या नोंदींत कोणताही आधार नाही.

आता पुन्हा बाळकुमच्या डब्याकडे येऊ. एका आठवड्यात ३६ पाकिटांचे पैसे आले आणि पुढच्या आठवड्यात ३२ पाकिटांचे. त्या कार्यालयात काही बिघडले का? समजा, प्रत्येक पाकिटाचे पैसे येण्याची शक्यता ०.८७ आहे आणि एकाच्या वागण्याचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. ४० × ०.८७ × ०.१३ हा गुणाकार सुमारे ४.५ येतो आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.१. याचा अर्थ असा, की सरासरी ३५ च्या आसपास असली तरी ३१ पासून ३९ पर्यंतचा कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने सहज येऊ शकतो. ३६ वरून ३२ वर येणे ही बातमीच नव्हे. सलग आठ-दहा आठवडे आकडा खाली राहिला, तर मात्र विचार करायला हवा.

विचार करताना डब्यातली नाणीही काही सांगतात. वसुली ८७ टक्के आहे, एवढ्यावरून शंभरातल्या १३ पाकिटांचे पैसे मुळीच आले नाहीत, की बऱ्याच जणांनी थोडे थोडे कमी टाकले, हे कळत नाही. डब्यात सगळ्या दहाच्याच नोटा व नाणी निघाली, तर पहिली शक्यता अधिक. पाचाची व दोनाची नाणी पुष्कळ निघाली, तर दुसरी. आणि मग दोष सुट्या पैशांच्या टंचाईचा असू शकतो. म्हणूनच किंमत अकरा-बारा रुपये न ठेवता दहा ठेवणे शहाणपणाचे. २०१६ पासून आलेल्या यूपीआयमुळे डब्यावर क्यूआर कोड चिकटवता येतो आणि सुट्यांची अडचण मिटते. पण कुणी पैसे दिले हे आता विक्रेत्याला कळते. त्यामुळे तो डबा पूर्वीसारखा निनावी राहत नाही, हे मोजमाप करताना ध्यानात ठेवले पाहिजे.

पहारा न ठेवता वसुली वाढवता येईल का? इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात मेलिसा बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चहा-कॉफीच्या दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचे चित्र, तर दुसऱ्या आठवड्यात पाहणाऱ्या डोळ्यांचे चित्र, असे दहा आठवडे चालले. किती पेये घेतली गेली हे कुणी पाहत नव्हते. मग माप कशाने घ्यायचे? त्यांनी संपलेले दूध मोजले! दर लिटर दुधामागे जमलेले पैसे डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट भरले. निष्कर्ष इतका आकर्षक होता की तो जगभर पसरला. पण २०१७ साली अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा डोळ्यांच्या चित्रांमुळे माणसे अधिक उदार होतात याला आधार मिळाला नाही. दूध मोजण्याची युक्ती मात्र आजही शिकण्यासारखी आहे.

आता शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. आपल्याकडे अनेक शाळांत ‘प्रामाणिकपणाचे दुकान’ चालते. वह्या, पेन्सिली, खोडरबर ठेवलेले असतात आणि मुलांनी आपणहून पैसे टाकायचे असतात. उपक्रम चांगलाच आहे. पण महिनाअखेर पैसे कमी भरले, तर काय करायचे हे आधी ठरवलेले नसते. मग दप्तरे तपासली जातात, आणि ज्या मुलाचे कपडे जुने, त्याच्याकडे नजरा वळतात.

त्याऐवजी मुलांना मोजायला लावा. पुढचा प्रयोग वर्गात सहज होतो. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या एका कल्पनेचे हे सोपे रूप आहे. प्रत्येक मुलाने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला, तर चिठ्ठीवर ‘हो’ लिहायचे. काटा आला, तर ‘या महिन्यात वस्तू घेऊन पैसे द्यायचे राहिले आहेत का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर लिहायचे. साठ मुलांच्या वर्गात सुमारे तीस ‘हो’ नुसत्या छाप्यामुळे येतील. एकूण ३९ ‘हो’ निघाले, तर काटा आलेल्या सुमारे तिसांपैकी नऊ जणांनी, म्हणजे तीस टक्के मुलांनी, पैसे राहिल्याचे कबूल केले असा अंदाज निघतो. नाण्यांच्या लहरीमुळे यात चार-पाच चिठ्ठ्यांचा फरक सहज पडेल. दोन-तीन वर्गांची बेरीज घेतली, तर अंदाज सुधारेल. गंमत अशी, की कुणा एकाची चिठ्ठी हाती आली तरी त्याने पैसे बुडवले असे म्हणता येत नाही. वर्गाबद्दल माहिती मिळते आणि मुलावर डाग लागत नाही.

सरासरीची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका प्रयोगात आहेत. समूह कसा वागला हे ती सांगते. ते कुणी केले हे सांगत नाही. बाळकुमच्या त्या गृहिणीला एवढे पुरेसे आहे. वसुली सत्तर टक्क्यांच्या वर टिकते आहे का, किंमत सुटसुटीत आहे का, मोठ्या कार्यालयात एकाऐवजी प्रत्येक विभागाला वेगळे खोके ठेवून पाहावे का, हे ती आपल्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवू शकेल. त्या वहीत कुणाचेही नाव लिहिण्याची गरज नाही.