हाय डेफिनिशन दूरचित्रवाणी आणि आपल्या अभ्यासिकेसाठी संच

सणासुदीला सिल्लोडच्या बाजारात टी.व्ही.च्या खोक्यांची थप्पी लागते. खोक्यांवर ‘एचडी रेडी’, ‘फुल एचडी’, ‘फोर के’ असे शब्द छापलेले असतात. दुकानदार इंच सांगतो आणि किंमत सांगतो. अभ्यासिकेसाठी संच घ्यावा, असे आपल्या सभासदांमध्ये बोलले जात आहे. पैसा वर्गणीचा आहे. तेव्हा या शब्दांचा अर्थ सर्वांनी आधी समजून घेतलेला बरा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी देशात रंगीत चित्र आले. पत्र्यावर अँटेना बांधून ती म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे फिरवायची आणि खाली कोणीतरी ‘आल्या, मुंग्या आल्या’ म्हणून ओरडायचे, ही पिढी अजून आपल्यात आहे. ते चित्र ६२५ आडव्या रेषांचे होते. त्यापैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या. काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर रेघा ओढत जाई. असे संच आपल्याच जिल्ह्यात, पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यात तयार होत. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नळीचा जमाना तर त्याआधीच संपला होता.

आता चित्र रेषांऐवजी ठिपक्यांत मोजतात. जुन्या दर्जाच्या डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बरोबर पाचपट. फोर के त्याच्याही चौपट. ‘एचडी रेडी’ संचात बहुधा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात. तो फुल एचडी प्रक्षेपण स्वीकारतो खरे, पण लहान करून दाखवतो. ‘रेडी’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे!

जपानच्या एनएचके या संस्थेने या तंत्रावर १९६४ पासूनच संशोधन सुरू केले होते. अडचण होती ती माहितीच्या ओझ्याची. सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट धरले, तर फुल एचडीला सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतात. एवढे आकाशातून पाठवणे परवडणारे नव्हते. संगणकीय आकुंचनाने मार्ग निघाला. बातम्या देणाऱ्या व्यक्तीच्या मागची भिंत बदलत नाही. मग ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? जे हलले तेवढेच पाठवायचे. आपल्या दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या.

आता मुद्द्याचे. संच कितीही भारी असो, येणारे चित्र साधे असेल तर तो त्यात नवे बारकावे आणू शकत नाही. बँकेत आम्ही रोज पाहतो, अस्पष्ट झेरॉक्स मोठी केली की सही मोठी होते, स्पष्ट होत नाही. ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांवरील पाठ किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून घेतलेली व्याख्याने मुले पाहणार असतील, तर फोर केसाठी जादा पैसे मोजणे आम्हाला व्यर्थ वाटते.

दुसरा विचार अंतराचा. निरोगी डोळ्याला ठिपके एका मर्यादेपर्यंतच वेगळे दिसतात. ४३ इंची फुल एचडी संचाचे ठिपके साडेपाच-सहा फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात. आपल्या सभागृहात पहिली रांगच त्याहून दूर असते. तेथे ठिपक्यांपेक्षा अक्षराचा आकार महत्त्वाचा. वीस फुटांवर निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. त्यात देवनागरीच्या वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरे! म्हणून तिप्पट धरावे. फळ्यावरचे गणित मागच्या बाकावरील मुलीलाही वाचता यावे यासाठी तोच पैसा इंचांत घालावा, ५५ इंची फुल एचडी वा तत्सम संच पाहावा. अर्थात एवढ्या मोठ्या आकारात आता बहुतेक फोर केच मिळतात. मिळाला तर घ्यावा, पण त्या शब्दासाठी जास्त देऊ नये.

पडद्याच्या प्रकारांत फार गुंतण्याचे कारण नाही. ‘एलईडी’ म्हणून विकला जातो तो खरे तर द्रव-स्फटिकाचा एलसीडी पडदाच. एलईडी दिवे फक्त मागून उजेड देतात. ‘क्यूएलईडी’ही त्याच जातीचा. ‘ओएलईडी’मध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. चित्र देखणे, किंमतही तशीच. प्लाझ्मा बंदच झाला. प्रोजेक्टर मोठे चित्र देतो, पण दिवसा खिडक्या बंद कराव्या लागतात आणि उन्हाळ्यात सिल्लोडमध्ये ते कोण सोसणार? एलसीडी पडदे बाजूने पाहिल्यास फिके दिसू शकतात. म्हणून दुकानात समोर उभे न राहता दोन्ही कडांना जाऊन पाहावे आणि चकचकीत जाहिरातीऐवजी अक्षरे असलेले चित्र लावायला सांगावे.

जोडणीकडेही लक्ष हवे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या वायरीतून एचडी चित्र येत नाही, त्यासाठी एचडीएमआय वायरच लागते. डीडी फ्री डिशचा जुना एमपेग-२ खोका असेल, तर एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या त्यावर दिसणार नाहीत. खोका नवा घ्यावा लागेल. अंदाजपत्रकात संचाच्या खाली या दोन ओळी लिहून ठेवाव्यात.